घरासाठी एकच जपानी सुरी: २४०ची कार्बन ग्युतो कशाला?

(सोलापूरकरांची चर्चा; नावाऐवजी ज्याचा त्याचा भाग.)

होटगी रोड: घरात एकच जपानी सुरी घ्यायची तर २४० मिमीची ग्युतो, म्हणजे लांब पात्याची शेफची सुरी, तीही शिरोगामी या कार्बन पोलादाची. बाकी सगळं शोकेसचं सामान.

जुळे सोलापूर: हे वाचून राहवलं नाही. शेगडी, मिक्सर, भांड्यांची जाळी मांडल्यावर ओट्यावर फळीला फूटभर जागा उरते. तिथं २४०चं पातं फिरवायचं कुठं? शिरोगामीत गंज अडवणारं क्रोमियम जवळपास नसतंच. कैरी चिरून सुरी तशीच ठेवली की फोडणी होईपर्यंत पात्यावर डाग. रोज राबणाऱ्या बाईला दर पाच मिनिटांनी पातं पुसायला लावू नका. व्हीजी-१० या स्टेनलेस पोलादाची सांतोकू, म्हणजे आखूड पात्याची घरगुती सुरी घ्या, १६५ ते १८० मिमी. कठीणपणा ६० रॉकवेलच्या (पोलादाचा कठीणपणा मोजायचं माप) आसपास, गंज सहज धरत नाही. धार बरीचशी सरळ, त्यामुळं मेथी-कोथिंबीर फळीवर पूर्ण तुटते.

होटगी रोड: आणि कोबीचा मोठा गड्डा? सांतोकूनं दोन बाजूंनी कापावा लागतो. सोलापूरची हवा कोरडी आहे, कोकण नाही. कार्बनवर वापरून निळसर करडा थर चढतो, त्याला गंज म्हणू नका. शिरोगामी दगडावर जितकी पटकन धार धरतं तितकं व्हीजी-१० धरत नाही, हे तरी कबूल करा.

अशोक चौक: पोलादावर भांडताय, पण धार लावणार कोण? सायकलवरच्या धारवाल्याकडे ही सुरी देऊच नका. कोरड्या चाकावर ठिणग्या उडतात, कड तापून निळी पडते. निळी पडली की तिथलं पाणी उतरलं, पुन्हा धार टिकत नाही.

मंगळवार पेठेतली अक्का: गरिबाच्या पोटावर का उठताय ओ? विळी, कात्री, कोयता वर्षानुवर्षं तोच लावतोय. सगळ्यांनी दगड घासत बसायचं का?

अशोक चौक: अक्का, विळीचं पातं जाड आणि मऊ, त्याला चाक चालतं. इथं दर बाजूला १५ अंशांची बारीक कड आहे. १००० नंबरचा दगड पाण्यात बुडवा, बुडबुडे थांबले की काढा. पातं ४५ मिमी रुंद असेल तर पाठ दगडापासून साधारण १२ मिमी वर धरा आणि तो कोन हलू देऊ नका. एका बाजूनं घासत राहा. दुसऱ्या बाजूला टाचेपासून (मुठीकडच्या बाजूपासून) टोकापर्यंत बारीक बर, म्हणजे घासून पलीकडे वळलेली धातूची कड, बोटाला लागली की मगच पलटा. अर्ध्यावर पलटता, म्हणून धार येत नाही. दगडावरचा चिखल धुऊ नका, तोच घासतो. शेवटी ३०००चा, म्हणजे आणखी बारीक दगड, हलक्या हातानं. आणि कडप्प्यावर चिरणं आधी बंद करा. दोन भाज्यांत कड मरते, मग दोष सुरीला.

अक्का: कडप्प्याचं बरोबर आहे. पण नारळ खवायला विळीच लागणार, ते सोडणार नाही.

जुळे सोलापूर: विळी ठेवाच. मटणाचं हाड, फ्रीजरमधलं गोठलेलं, लाल भोपळ्याचा देठ यांना जपानी सुरी लावू नका. भोपळ्यात अडकलेलं पातं पिळलं की कडेचा तुकडा उडतो. होटगी रोड, तुमचं एक मान्य: कोबी रोजचा असेल तर ग्युतो बरी. पण २१०ची, आणि स्टेनलेस.

होटगी रोड: २१० चालेल. स्टेनलेस नाही.