रीलमध्ये दोरी कुठाय?

निखिल (सी ११०२): सी विंगची रस्सीखेच टीम तयार आहे. रील टाकलीय, बघा. ए विंगवाल्यांनो, रविवारी हरल्यावर रडू नका.

सुलभाताई (सी ४०२): बघितली. जिन्यातून पळणारी मुलं, घाम, परत जिना, परत घाम. आमच्या दारातला चपलांचा स्टँड कोणी पाडला तेही नीट दिसतंय. धन्यवाद.

निखिल: सॉरी ताई, उचलून ठेवतो संध्याकाळी.

मोहितेकाका (ए ३०४): रील झकास. एकच विचारतो. दोरी कुठाय?

निखिल: आहे की काका. ईशान दोरीवरच्या उड्या मारतोय ना मध्ये!

मोहितेकाका: ती उड्यांची झाली. ओढायची कुठाय?

ईशान (सी ७०३): 😂😂

निखिल: काका, याला ट्रेनिंग मोंटाज म्हणतात, सरावाचे छोटे तुकडे जोडून गाण्यावर लावायचे. सिनेमात असाच असतो. रॉकी नाही का, पळतो, कच्ची अंडी पितो, खाटकाकडच्या टांगलेल्या मांसाला बुक्क्या मारतो.

मोहितेकाका: बॉक्सर आहे, बुक्क्या मारणारच. तुम्ही रस्सीखेचवाले. तुम्ही काय ओढलंत?

निखिल: शनिवारी उपवनपासून येऊरचा चढ पळत गेलो सगळे. वरपर्यंत.

मोहितेकाका: येऊर पळून दम वाढेल लेका. समोरच्या ए विंगला कोण ओढणार?

रुतुजा (बी ८०१): काकांना पूर्ण पाठिंबा. निखिल, चिडू नकोस, पण माझं कामच एडिटिंगचं आहे, त्यामुळे बोलल्याशिवाय राहवत नाही. तू 'रॉकी'ची नक्कल केलीस, पण अर्धीच. फिलाडेल्फियाच्या म्युझियमच्या ७२ पायऱ्या चढून हात वर करणारा रॉकी सगळ्यांना आठवतो. त्याच सिनेमात तो त्याआधी एकदा त्याच पायऱ्या चढलेला असतो, ते कोणाच्या लक्षात राहत नाही. पहाटे ४ चा गजर, ग्लासात ५ अंडी, बाहेर अंधार आणि थंडी. पायऱ्यांशी येईपर्यंत त्याच्या बरगडीखाली कळ मारायला लागते. कसाबसा वर पोचतो आणि तसाच वाकत खाली येतो. ते गाजलेलं गाणं तेव्हा वाजतच नाही. हा सीन काढून टाक, मग नंतर त्याने हात कशासाठी वर केले ते कळणारच नाही. तुझ्या रीलमध्ये पहिल्या सेकंदालाच सगळे जिंकलेले आहेत. कोणाला साधी धाप लागलेली नाही.

सुलभाताई: धाप लागली होती. मी दारात उभी होते. ईशान दहा मिनिटं आमच्या पायरीवर बसला होता, पाणी पिऊन गेला.

रुतुजा: बघ! तेच शूट करायला हवं होतं.

ईशान: ताई ग्रुपवर नको ना 🙈

निखिल: ते मी डिलीट केलं. बरं, मला एक सांग रुतुजा. आम्ही जिन्यात पळत शूट केलं तर सगळं हललं. रॉकीबरोबर कॅमेरापण वर चढतो, तो हलत कसा नाही? १९७६ चा सिनेमा आहे.

रुतुजा: स्टेडीकॅम. तेव्हा अगदी नवा होता. कॅमेऱ्याचं वजन ऑपरेटरच्या अंगातल्या जॅकेटवर येतं आणि मध्ये स्प्रिंगवाला हात असतो, त्यामुळे पावलांचे हिसके कॅमेऱ्यापर्यंत पोचत नाहीत. गॅरेट ब्राउनने बनवला. गंमत म्हणजे, हे यंत्र काय करू शकतं ते दाखवायला त्याने आपल्या मैत्रिणीला त्याच म्युझियमच्या पायऱ्यांवर पळवून फिल्म काढली होती. 'रॉकी'चा दिग्दर्शक जॉन अॅव्हिल्डसन याने ती पाहिली आणि यंत्राबरोबर पायऱ्यांचीही चौकशी केली. म्हणजे रॉकीच्या आधी तिथे ती बाई पळून गेलेली आहे! पुढे सिनेमाला ऑस्कर मिळाले ते सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन आणि एडिटिंगचे. एडिटिंगचं मी मुद्दाम सांगतेय.

सेक्रेटरी: सर्वांना नम्र सूचना. हा ग्रुप पाणी, लिफ्ट व मेंटेनन्ससाठी आहे. उद्या सकाळी ११ ते १ बी विंगची लिफ्ट बंद राहील.

सावंत (सी २०१): गोखलेसाहेब, आजचा दिवस चालू द्या, विषय चांगला आहे. बिल्डरच्या विषयापेक्षा तरी बराच.

सेक्रेटरी: 🙏

निखिल: पण मग 'रॉकी ४' चं काय? १९८५. माझ्या मते तोच बाप. इकडे समोरचा रशियन बॉक्सर ड्रॅगो लॅबमध्ये ट्रेडमिलवर, अंगाला वायरी, इंजेक्शनं. तिकडे रॉकी रशियाच्या बर्फात. लाकडं फोडतो, खांद्यावर ओंडका घेऊन चालतो, मेहुण्याला घसरगाडीवर बसवून ओढतो, दगड भरलेली जाळी दोरीने वर खेचतो...

मोहितेकाका: थांब थांब. दोरीने खेचतो? मग रविवारी त्याला घ्या सी विंगमध्ये.

सुलभाताई: 😂

रुतुजा: निखिल, 'रॉकी ४' चं कटिंग मलाही आवडतं. ड्रॅगोने वजन उचललं की लगेच रॉकीने घोडागाडी उचलली, वर माणसं बसलेली. प्रत्येक कटला एक उत्तर. व्हिन्स डिकोलाचं संगीत ट्रेडमिलवर लावलं तर माणूस आपोआप वेग वाढवतो, तेही खरं. पण त्या सगळ्या घामाचा शेवटच्या फाइटशी संबंध काय? रॉकी नवीन काय शिकला? काहीच नाही. फक्त दणकट झाला. पोस्टर म्हणून उत्तम. शिकवण म्हणून विचारशील तर मी 'कराटे किड' घेईन, १९८४ चा. दिग्दर्शक पुन्हा तोच अॅव्हिल्डसन, संगीतही 'रॉकी'वाल्या बिल कॉन्टीचंच.

ईशान: वॅक्स ऑन वॅक्स ऑफ!

मोहितेकाका: ते काय असतं?

रुतुजा: काका, एक म्हातारा जपानी गृहस्थ, मियागी. पोरगा कराटे शिकायला येतो. हा त्याला गाड्यांना मेण लावायला बसवतो. उजव्या हाताने लावायचं, डाव्याने पुसायचं, नाकाने श्वास घ्यायचा, तोंडाने सोडायचा. मग लाकडी फरशी घासायची, कुंपण रंगवायचं, घर रंगवायचं. कराटेचं नाव नाही. शेवटी पोरगा वैतागून भांडतो, मला फुकट राबवताय म्हणतो. म्हातारा त्याला उभा करतो आणि सरळ ठोसे मारायला लागतो. पोराचे हात आपोआप वर येतात, मेण पुसल्याच्या त्याच वळणाने, आणि ठोसा अडतो. त्या पोराचा चेहरा बघा तेव्हा. मियागीचं काम करणारे पॅट मोरिटा यांना ऑस्करचं नामांकन होतं. त्या एका सीनसाठी दिलं असतं तरी चाललं असतं.

सुलभाताई: निखिल, आमची गाडी पार्किंगमध्ये धूळ खात उभी आहे. मेट्रोच्या कामाची सगळी धूळ. कराटे शिकायचं असेल तर ये.

निखिल: ताई 🙏

मोहितेकाका: हा म्हातारा वस्तादच म्हणायचा. आम्हाला कोल्हापुरात तालमीत घातलं तेव्हा वस्तादांनी कुस्ती लावलीच नाही. हातात फावडं दिलं. आखाड्याची माती उकरायची. लाल माती, तीत ताक, तेल, हळद, लिंबू घातलेलं. रात्रभरात माती बसली की सकाळी फावडं वाजतं. वाकून उकरायची, ढेकळं हाताने फोडायची, पायाने सारखी करायची. कंबर, मनगट, पोटऱ्या, सगळं तिथंच भरतं. आणि ती मऊ कशाला करायची, तर नंतर त्याच मातीत आपल्यालाच आपटणार असतात! आपल्या पडायची सोय आपणच करायची. मग जोर, मग बैठका. डाव फार उशिरा. थोरल्या पैलवानांनी आधी नुसतं उचलून आपटायचं, आम्ही नुसतं पडायचं. पडायला आलं की म्हणायचे, आता शीक.

ईशान: काका, हे सिनेमात कुठेच नाहीये!

मोहितेकाका: दाखवणार कसं? रोज तेच. बघणारा झोपेल.

सावंत: काका, एकाने दाखवलंय. 'द थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन', १९७८, हाँगकाँगचा. आमच्या लहानपणी व्हिडिओ लायब्ररीतून कॅसेट आणून बघायचो, घासून घासून चित्र हिरवट झालेलं. गॉर्डन लिऊ हिरो. मठात येतो आणि शहाणपणा करून थेट सगळ्यात वरच्या दालनात शिरतो. तिथे एका फटक्यात आडवा. मग मुकाट्याने खालून सुरुवात. पहिलंच दालन म्हणजे जेवायला जायची वाट! मध्ये पाणी, त्यात लाकडांची तरंगणारी मोळी, तिच्यावर पाय टाकून पलीकडे उडी मारायची. जमलं नाही की पाण्यात. ओल्या कपड्यांनी जेवण. पुढे दोन्ही हात आडवे ताणून पाण्याच्या बादल्या न्यायच्या, दंडाला आतून पाती बांधलेली. हात जरा खाली आला की पातं बरगडीत. मग लांब दांड्याच्या टोकाला हातोडा, तो नुसत्या मनगटाने उचलून घंटा वाजवायची. दिग्दर्शक लाऊ कार-लेउंग स्वतः कुंगफूच्या घराण्यातला, त्यामुळे नट खोटं वागलाय असं वाटत नाही.

मोहितेकाका: बादल्यांचं आवडलं. तो चायनीज बरोबर आहे.

रुतुजा: आणि सावंतकाका, तिथे घाई नाही. बाकी सिनेमे गाण्याच्या तीन मिनिटांत सहा महिने उरकतात. हा ट्रेनिंगलाच सिनेमा मानतो. प्रत्येक दालनात एकच गोष्ट जमवायची, ती जमेपर्यंत कॅमेरा हलत नाही. माझ्या हातात दिलं असतं तर क्लायंटने निम्मं कापायला लावलं असतं.

ईशान: 'लगान'मध्ये पण आहे ना असं. त्यातला कचरा नावाचा गडी सरावात बॉल टाकतो आणि तो वळतो. मॅचमध्ये तेच कामाला येतं.

रुतुजा: बरोब्बर. सराव बघताना प्रेक्षकाला काहीतरी सापडायला हवं.

सुलभाताई: मला विचाराल तर 'दंगल', मुलींना कुस्तीत घालणाऱ्या बापाचा. कारण तिथे गाणं मुलींच्या बाजूने आहे. 'हानिकारक बापू' ही चक्क बापाची तक्रार आहे. बाकी सगळीकडे हिरो स्वतःहून पहाटे उठतो आणि आपण टाळ्या वाजवतो. इथे मुलींना उठवलं जातं, पाणीपुरी बंद, केस कापले. केस कापतानाचं रडणं मला बघवत नाही. मग ती लहान वयात लग्न लागणारी मैत्रीण सांगते की तुमचा बाप निदान तुमचा विचार तरी करतो, आणि मुली बदलतात. पटकथेला ते बरं. मला तो बाप अजून पटत नाही. त्यातल्या थोरलीला, म्हणजे खऱ्या गीता फोगटला, २०१० ला राष्ट्रकुलचं सुवर्ण मिळालं म्हणून सगळं माफ, असं नसतं.

मोहितेकाका: ताई, आमच्या वस्तादांनीही विचारलं नव्हतं.

सुलभाताई: म्हणूनच म्हणतेय काका.

रुतुजा: ताईंशी मी सहमत आहे, आणि तरी गाणं लागलं की मान डोलते. मोंटाजची हीच लबाडी. संगीत वाजलं की आपण विचारायचं विसरतो. 'दंगल'चा आणखी एक सराव पडद्यामागे झाला. आमिरने आधी म्हाताऱ्या, जाड महावीरचं, म्हणजे त्या बापाचं, शूटिंग केलं आणि नंतर वजन उतरवून तरुणपणाचं. म्हणजे जे पडद्यावर आधी दिसतं ते शरीर खरं तर शेवटी बनलेलं.

निखिल: ओके, हरलो. आता आम्ही काय करू? रविवारला वेळ कमी आहे.

मोहितेकाका: आता ऐक. एक, जिना बंद. दोन, दोर हातांनी ओढायचा नसतो. हात सरळ, दोर काखेपाशी, अंग मागे कललेलं, आणि जोर पायाचा. गुडघा वाकवून टाच रोवायची. तीन, सगळ्यांनी एकदम. एक जण हाक देणार, बाकीचे त्यावरच पाऊल मागे टाकणार. आंतरराष्ट्रीय नियमात एका बाजूला ८ जण असतात आणि ४ मीटर ओढलं की जिंकलं. तुम्ही ८ जण ८ दिशांना ओढता. शेवटचा गडी सगळ्यात जड आणि सगळ्यात शांत हवा. तो निखिल नव्हे.

ईशान: 😂😂😂

निखिल: काका, तुम्ही ए विंगचे आहात ना?

मोहितेकाका: ए विंगवाले मला विचारायला आलेच नाहीत.

सेक्रेटरी: पोडियमवरील लॉनमध्ये टाचा रोवू नयेत. नवीन लॉन आहे. मागच्या गेटजवळच्या मोकळ्या जागेत सराव करावा.

सुलभाताई: सावंत, तो ३६ दालनांचा सिनेमा नातवाला दाखवला तर चालेल? सात वर्षांचा आहे.

सावंत: ताई, पाती आणि रक्त आहे, आत्ता नको. आणि सुरुवातीचं राजकारण तुम्हालाच कंटाळवाणं होईल, मठात शिरेपर्यंत धीर धरावा लागतो. नातवाला आधी कराटे किड लावून द्या.

सुलभाताई: चालेल. मग गाडी त्याच्याकडूनच पुसून घेते.