जीव की प्राण असलेलं कार्टून आणि त्याचा निराश करणारा गेम: तुमचे अनुभव सांगा

काल रात्री लेकाने निंजा टर्टल्सच्या, म्हणजे त्या चार लढवय्या कासवांच्या, जुन्या गेम्सचा संच लावला. 'काउआबंगा कलेक्शन', 2022 चा, 13 जुने गेम एकाच ठिकाणी. मी कपड्यांच्या घड्या घालत बसले होते. त्याने 1989 चा पहिला गेम उघडला, निंटेंडो या टीव्हीला जोडायच्या यंत्रावरचा. वरून दिसणारे रस्ते, त्यात बोटाएवढं कासव, आणि ते संगीत... हातातला शर्ट तसाच राहिला. "त्या झाकणातून खाली उतर," असं माझ्या तोंडून आपोआप निघालं. लेक माझ्याकडे बघतच बसला. आईला हे कसं माहीत?

लहानपणी हे कार्टून म्हणजे आम्हा बहीणभावांचा श्वास होता. गेम मिळाला त्या दिवशी दोघं जेवलो नाही नीट. आणि मग खेळायला बसलो. आता इतक्या वर्षांनी नीट सांगता येतंय काय खुपलं ते. कार्टूनमध्ये ती चार भावंडं कायम एकत्र. भांडतील, एकमेकांना चिडवतील, पण एकत्र. गेममध्ये पडद्यावर एकच. खेळ थांबवायचा, मेनूतून दुसरा निवडायचा, की पहिला गायब. खेळणाराही एकच. दुसरा रिमोट असून उपयोग शून्य. भावाला खेळताना बघत मी बसायचे आणि माझ्या वेळी तो.

त्यात माझा लाडका राफाएल. त्याच्या हातातली ती आखूड साई (त्रिशूळासारखं छोटं शस्त्र), शत्रू अंगावर आल्याशिवाय लागतच नाही. डोनाटेलोची काठी लांब, म्हणून सगळा गेम त्याच्यावर. राफाएलला आम्ही फक्त मार खायला पुढे करायचो. मला खरंच वाईट वाटायचं.

आणि धरण. पाण्याखाली 8 बॉम्ब, 2 मिनिटं 20 सेकंद, आणि शॉक देणारं ते शेवाळ. आम्ही तिथून कधी पुढे गेलोच नाही.

लेकाकडे खेळ मागे न्यायचं रिवाइंडचं बटण आहे, तो दहा मिनिटांत पार झाला. तुमचा असा कुठला गेम? कार्टून आवडतं होतं आणि गेमने मन मोडलं असं काही?

*

धरण!!!! नुसतं वाचून अंगठा दुखायला लागला.

*

पट्ट्यांचं कोणाला आठवतंय का? डबीवरच्या चित्रात चौघांच्या डोळ्यांवरच्या पट्ट्या लालच. आम्ही त्यावरून भांडलोय, यातला लिओनार्डो कोण म्हणून. निळा कुठाय? जांभळा कुठाय? मला वाटायचं आपल्यालाच नकली डबी मिळाली. मोठेपणी कळलं की टर्टल्सचं मूळ कॉमिक 1984 चं, त्यात सगळ्यांच्या पट्ट्या लाल, आणि डबीवरचं चित्र तिकडचं. रंग वेगवेगळे झाले ते 1987 च्या कार्टूनमुळे.

*

ताई, तुम्ही निदान धरणापर्यंत हरलात ते खरं हरलात. माझं ऐका.

आमच्याकडे हाच गेम कॉम्प्युटरवर होता, डॉस या जुन्या प्रणालीवरचा. तिसऱ्या टप्प्यात गटारात एक खड्डा येतो. उडी मारली की पलीकडच्या कडेला पाय लागतच नाही. मी आणि धाकटा भाऊ आळीपाळीने बसायचो. अख्खी सुट्टी गेली त्यात. मी त्याला म्हणायचो, तू बटण उशिरा दाबतोस. तो रडायचा. एकदा तर मी त्याला चार दिवस कीबोर्डला हात लावू दिला नव्हता, कारण मला वाटायचं तो बसला की माझी लय बिघडते.

मोठं झाल्यावर वाचनात आलं, त्या आवृत्तीत ती उडी जमतच नाही. खड्डाच चुकीचा बनलाय. चीट वापरल्याशिवाय कोणीच पार करू शकत नव्हतं.

मी त्याला फोन करून सांगितलं. तो दोन मिनिटं काही बोललाच नाही. मग म्हणाला, "म्हणजे माझी चूक नव्हती." इतकी वर्षं त्याच्या मनात होतं ते. मला तर तोपर्यंत वाटत होतं तो विसरलाही असेल.

*

अरे देवा. हे वाचून डोळ्यांत पाणी आलं दादा. भावाला माझ्याकडूनही सांगा, त्याची चूक नव्हती.

*

सांगतो ताई. तो वाचतोय बहुधा.

*

घाईत लिहितेय, लेक उठायच्या आत. पॉवर रेंजर्स! 1994 मध्ये सुपर निंटेंडोवरचा एक आणि मेगा ड्राइव्हवरचा वेगळाच (दोन्ही टीव्हीला जोडायची गेमची यंत्रं), नाव एकच. आमच्याकडे सुपर निंटेंडोचा. टीव्हीवर पाच जण रांगेत उभे राहून रूप बदलतात, आणि इथे एकटा एक पोरगा चालत चालत फायटिंग करतो, अर्ध्या स्टेजनंतर त्याचा सूट येतो. गोष्टीत दोघांनी मिळून खेळायची सोयच नाही. माझी चुलत बहीण पिंक व्हायला आली होती. ती तासभर माझ्या शेजारी बसली, मग उठून घरी गेली. बिचारी, काही बोलली नाही ती. आता आम्ही दोघी पस्तिशी ओलांडली आणि मी अजून तिला सॉरी म्हणायचं म्हणते.

उठली. नंतर लिहिते.

*

^ म्हणजे ताईंच्या टर्टल्ससारखंच. टीव्हीवर पाच जण आणि खेळायला एक. 

*

मी थोडं तांत्रिक सांगू का, कारण माझं काम याच्या जवळचं आहे आणि त्या काळच्या लोकांची बाजू मला कळते.

त्या निंटेंडोत मुख्य मेमरी 2 किलोबाइट. पडद्यावर हलणारे तुकडे, ज्यांना स्प्राइट म्हणतात, ते एका वेळी 64, आणि एका आडव्या ओळीत फक्त 8. आता चार कासवं एका ओळीत उभी करा. एकेक कासव शेजारी शेजारी दोनतीन तुकड्यांचं. 8 संपले की नाही? शत्रूला जागाच उरली नाही. मर्यादा ओलांडली की उरलेले तुकडे दिसतच नाहीत, म्हणून गेम ते आळीपाळीने दाखवतो, आणि आपल्याला चित्र लुकलुकताना दिसतं. टर्टल्समध्ये गर्दी झाली की हे व्हायचंच, शिवाय खेळ जड चालायचा. ताई, तुमच्या लेकाच्या संचात ते लुकलुकणं आणि मंदावणं बंद करायची सोय आहे, सेटिंगमध्ये बघा.

1989 मध्येच आर्केडमध्ये, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मोठ्या यंत्रावर, चार जणांनी खेळायचा टर्टल्स आला, पण ते यंत्र कितीतरी ताकदीचं. तो घरच्या निंटेंडोवर 1990 मध्ये आला तेव्हा दोघांवर आणावा लागला. तोही तुमच्या संचात आहे. भावाला बोलवा आणि खेळा, खरंच सांगतोय.

तरी धरणाचं समर्थन मी करणार नाही. शेवाळाच्या मधली ती वाट अरुंद केली ती मेमरीने नाही, माणसाने केली.

*

"माणसाने केली" 😂 हे फ्रेम करून लावतो.

*

कॅसेटमध्ये फुंकर मारायचे का सगळे? आमच्याकडे तो माझा मान होता. भाऊ काढायचा, मी फुंकायची, बाबा लावायचे.

*

हो!! आणि लागली की वाटायचं आपल्या फुंकरीनेच लागली.

*

फुंकू नका आता, कोणाकडे जुन्या असतील तर. तोंडाच्या ओलाव्याने पिना गंजतात. कॅसेट काढून परत बसवली की पिना पुन्हा नीट टेकतात, चालायची ती त्यामुळे. त्या समोरून कॅसेट घालायच्या निंटेंडोत 72 पिनांचा कनेक्टर आहे, तो सैल पडला की पडदा लुकलुकत राहतो. आतली नकली कॅसेट अडवणारी कुलपाची चिप सतत रीसेट करते म्हणून. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा, पूर्ण वाळू द्या, मग लावा.

*

दादा, कॅसेट उघडायचा स्क्रू नेहमीच्या स्क्रूड्रायव्हरने निघत नाही. माझा एक झिजवून बसलोय.

*

3.8 मिमीचा वेगळा बिट लागतो त्याला. झिजलेल्यावर जोर लावू नका.

*

विषयाकडे येते. माझं मत थोडं वेगळं आहे, वाचून घ्या.

बार्नी नावाच्या जांभळ्या डायनासोरचा गेम मेगा ड्राइव्हवर 1993 मध्ये आला होता. सगळे त्याला हसतात. कारण त्यात हरताच येत नाही, आणि रिमोट खाली ठेवला तर बार्नी आपला आपण चालायला लागतो. गेम स्वतःच स्वतःला खेळतो. माझा मोठा भाऊही म्हणायचा, हा काय गेम आहे.

माझ्या भाच्याला जन्मापासून हातांचा त्रास. बोटं हवी तशी वळत नाहीत. चार वर्षांचा असताना त्याला हा गेम लावून दिला. तो एक बटण दाबायचा, कधी चुकायचा, कधी नुसता बघायचा. गेमने त्याला एकदाही "हरलास" म्हटलं नाही. त्याचा हात थांबला की बार्नी पुढे चालायचा आणि तो ओरडायचा, "मी चालवतोय!" आम्ही कोणी त्याला सांगितलं नाही. आता तो मोठा आहे, त्याला सगळं माहीत आहे, आणि तो म्हणतो की तो माझा पहिला जिंकलेला गेम.

तेव्हा आपल्याला कंटाळवाणा वाटलेला गेम कोणासाठी बनवला होता, हेही बघावं असं मला वाटतं. टर्टल्सचा मात्र लहान मुलांसाठी होता आणि लहान मुलांना पेलत नव्हता. माझा राग त्याच्यावर आहे.

*

ताई, हे वाचून बार्नीबद्दल बोललेले सगळे शब्द मागे घेतले. मनापासून.

*

+1. भाच्याला शाबासकी.

*

ड्रॅगन बॉल कोणी खेळलंय? 1986 चा जपानी गेम, अमेरिकेत 1988 मध्ये 'ड्रॅगन पॉवर' नावाने दिला, आणि तिकडे देताना गोकूचा, म्हणजे नायकाचा, चेहराच बदलला. माकडासारखा काढलाय. मला तो गेम कार्टून बघितल्यानंतर मिळाला, आणि मी शोधतोय गोकू कुठाय गोकू कुठाय. शिवाय त्यात शक्ती आपोआप कमी होत राहते. मारामारी नाही, काही नाही, नुसतं उभं राहिलं तरी आकडा उतरतोय. वाट चुकलात की संपलात. लहान मूल वाट चुकणारच ना! मी एका झाडापाशी उभा राहून विचार करायचो कुठे जाऊ, आणि विचार करता करता मरायचो.

*

सगळंच वाईट नव्हतं हो. डकटेल्स! तोही 1989 चाच, त्याच यंत्रावरचा, तेवढीच मेमरी. काकांच्या काठीवर टुणटुण उड्या मारत जायचं, आणि हिमालयात बर्फात काठी रुतते हे कळलं तेव्हा मी ओरडलोच होतो आनंदाने. ज्याने केलं त्याने कार्टून मन लावून बघितलं होतं हे दिसतं. ॲमेझॉन, हिमालय, चंद्र, हवं तिथे आधी जा. चंद्राचं संगीत अजून माझी रिंगटोन आहे. 

*

चंद्राचं संगीत ❤️ कुठे मिळेल ते?

*

व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

*

मला एक कबूल करायचंय. वर्गात मी सांगितलं होतं की मी टर्टल्समधल्या श्रेडरला, शेवटच्या खलनायकाला, हरवलं. तोपर्यंत मी त्याचा अड्डा, टेक्नोड्रोम, बघितलंही नव्हतं. पोरं विचारायची शेवटी काय होतं, मी दर वेळी वेगळं सांगायचे. एका मैत्रिणीने माझ्यावर विश्वास ठेवून महिनाभर प्रयत्न केला, मी सांगितलेली खोली शोधत. ती खोली नव्हतीच. ते मला आजही टोचतं. इथे वाचत असशील तर माफ कर गं.

*

पॉवर रेंजर्सवाली मी, लेक झोपली परत. एक राहिलं. नव्या मोठ्या टीव्हीवर जुना कन्सोल लावला तर उड्या चुकतात, माझं वय झालं की काय?

*

वय नाही ताई. नवे टीव्ही चित्रावर आधी प्रक्रिया करतात, त्यात क्षणभर उशीर होतो. जुन्या काचेच्या टीव्हीत तो नव्हता. टीव्हीत 'गेम मोड' असेल तर तो चालू करा, बराच फरक पडेल.

*

सगळ्यांचे आभार, इतकं सगळं येईल वाटलं नव्हतं. तांत्रिक माहितीवाल्या दादांचं ऐकून लुकलुकणं बंद केलं. मग लेकाला म्हटलं, रिवाइंड न वापरता एकदा धरण करून बघूया. भावाला व्हिडिओ कॉलवर बसवलं. तो तिकडून नुसता ओरडत होता, "डावीकडे डावीकडे, खाली बघ." लेक खेळतोय, मी सेकंद मोजतेय. सहा बॉम्ब झाले. शेवटी डोनाटेलोची शक्ती संपत आली तेव्हा लेकाने विचारलं आता कोणाला घेऊ, आणि आम्ही दोघं एकदम म्हणालो, राफाएल.

सातव्याजवळ शेवाळात अडकला. उद्या परत बसणार आहोत, भाऊ नऊ वाजता येतो म्हणालाय.

*

शेवाळाच्या वाटेत बटण धरून ठेवू नका, थोडं थोडं दाबा. आणि आठवा झाला की इथे येऊन सांगा, मी झोपत नाही तोवर.