मदत हवी आहे: पदवीची शाखा आणि स्त्री-पुरुष वेतनातली तफावत

पीएलएफएसच्या (सरकारचं रोजगार सर्वेक्षण) व्यक्तिगत नोंदींवरून पदवीधर स्त्री-पुरुषांच्या वेतनातली तफावत काढत आहे. 2021-22 च्या एआयएसएचईमध्ये (उच्च शिक्षणाचं सरकारी सर्वेक्षण) मुलींचं एकूण नोंदणी प्रमाण 28.5 टक्के, मुलांचं 28.3. म्हणजे प्रवेशात बरोबरी आहे, मग वेतनात का नाही, हा खरा प्रश्न.

अडचण शाखेची आहे. पीएलएफएसच्या तांत्रिक शिक्षणाच्या रकान्यात अभियांत्रिकी, वैद्यकीय, कृषी वेगळे मिळतात ते फक्त पदविकांसाठी; या तांत्रिक पदव्या एकाच कोडमध्ये येतात. कला, वाणिज्य, विज्ञानाचे साधे पदवीधरही एकाच गटात जातात, आणि मुली तिथेच मोठ्या संख्येने आहेत. आयएचडीएसमध्ये (भारतीय कुटुंबांचं दुसरं एक सर्वेक्षण) बारावीची शाखा आहे, पण ती माहिती 2011-12 ची. दोन्ही जोडायची रीत कुणी वापरली आहे का?

आतापर्यंत केलेलं असं: शहरी भागात त्याच घरांना अनेकदा भेट दिलेली असते, म्हणून फक्त पहिली भेट घेतली, नाहीतर तीच माणसं पुन्हा मोजली जातात. नियमित पगार महिन्याचा, तास मात्र आठवड्याचे. म्हणून तासांना 4.3 ने गुणून ताशी वेतन काढलं. त्या आठवड्यात रजेवर असलेल्यांचे तास शून्य येतात, त्यांना वगळलं. यात प्रसूती रजेवरच्या स्त्रिया गळतात, हे मला खटकतं. त्यांचे तास कसे भरावेत?

आणखी एक. घरच्या धंद्यात बिनपगारी राबणाऱ्यांना (कोड 21) वेतनच नाही. नोकरीत नसलेल्या पदवीधर स्त्रियांसाठी हेकमन दुरुस्ती (फक्त नोकरदारांचंच वेतन दिसल्याने येणारी चूक सुधारण्याची रीत) लावायची तर नोकरी करण्यावर परिणाम करणारा, पण पगारावर न करणारा चल (व्हेरिएबल) लागतो. घरात सहा वर्षांखालचं मूल हा चल पुरेसा नाही, कारण मुलाचा परिणाम पगारावरही होतो. दुसरा कोणता चल चालेल? स्टाटा किंवा आर या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरपैकी कशातलाही प्रोग्राम चालेल.