तासाला बसायचं की नाही, हे मुलानंच ठरवावं का?

कुळागरातली आई (फोंडा): माझी मुलगी आठ वर्षांची. गणेशचवथीच्या आदल्या दिवशी माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या रानफळांच्या आराशीचं, सामान आणायला आजोबांबरोबर रानात गेली आणि कुठलं फळ कुठे लागतं, ते सगळं तोंडपाठ करून आली. तिच्याच वहीवर बाईंचा शेरा: ‘लक्ष नाही’. शाळा हवी, शिक्षक हवेत, पण तासाची सक्ती कशाला? इंग्लंडातली समरहिल शाळा ए. एस. नील यांनी १९२१ साली काढली, ती आजही चालू आहे. तिथे वेळापत्रक असतं, तासाला जायचं की नाही ते मूल ठरवतं. नियम सभेत होतात आणि सगळ्यात धाकट्या मुलाचं मतही शिक्षकाच्या मताइतकंच मोजतात.

डिचोलीची शिक्षिका: ताई, ती फी घेणारी निवासी शाळा आहे. माझी आई आमच्या घरात पहिली शिकलेली. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात गावोगाव प्राथमिक शाळा निघाल्या, तेव्हा मास्तर आजोबांशी अंगणात भांडले म्हणून ती शाळेत गेली. तिलाच विचारलं असतं तर ती धाकट्या भावाला कडेवर घेऊन घरी राहिली असती. दुसरं काही तिनं पाहिलंच नव्हतं. न पाहिलेल्या गोष्टीची इच्छा कशी होणार?

वाळपईकर: बाई, मास्तरांनी सक्ती केली ती आजोबांवर. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी ‘सक्ती’ म्हणजे सरकारवरची जबाबदारी. मुलांचं नाव घालणं हे पालकांचं कर्तव्य. मुलावर बंधन कुठे आहे?

डिचोलीची शिक्षिका: हजेरीही सरकारनंच बघायची, हेही त्याच कायद्यात आहे. आणि सरकारचं काम करणार मीच! दोन इयत्ता एकटी सांभाळते. पाच मुलं उठून वाड्यावर गेली तर त्यांच्यामागे कोण जाणार? ज्यांच्या घरी पुस्तक नाही तीच आधी उठतील, आणि चौथीतही त्यांना अक्षरं जुळवता येणार नाहीत. तुमच्या मुलीला आजोबा आहेत, या मुलांना कोण?

कुळागरातली आई: हे मला सुचलं नव्हतं. वाचनाच्या तासाचा हट्ट सोडते. पण दुपारचा एक तास मुलांच्या मर्जीवर सोडाल का? बाहेर लक्ष ठेवायला मी येईन, आमच्या बाबांनाही आणीन.

डिचोलीची शिक्षिका: बाबांना आणाच. आमची मुलंही त्यांच्याबरोबर रानात जातील. पण परत आल्यावर जे पाहिलं ते प्रत्येकानं लिहायचं, तिथे मर्जी नाही.