निकालाआधी आईचे पैसे काढू का?

प्रश्न: आईच्या निवृत्तीची रक्कम इक्विटी फंडात, म्हणजे शेअर बाजारात आहे. ४ जून २०२४ ला, लोकसभा निवडणुकीच्या निकालादिवशी, सेन्सेक्स ४,३८९ अंकांनी कोसळताना ती टीव्हीसमोरून हलली नाही, हातातला चहा गार झाला. आदल्याच दिवशी तो २,५०७ अंकांनी चढला होता! पुढच्या निकालाआधी सगळं काढून ठेवू?

उत्तर: ताई, एक्झिट पोल बघून लोकांनी भाजपचं मोठं बहुमत गृहीत धरलं आणि भाव चढवले. भाजपच्या जागा बहुमताखाली, २४० वर अडकल्या, भाव उतरले. ५ जूनला २,३०३ अंक परत आलेच की.

उत्तर: मी २००४ च्या निकालानंतरचा १७ मे अनुभवलाय. डाव्यांच्या पाठिंब्याचं सरकार येणार, निर्गुंतवणूक (सरकारी कंपन्यांतले हिस्से विकणं) थांबणार, ही धास्ती. सेन्सेक्स ११ टक्के पडला, व्यवहार दोनदा थांबवावे लागले. घाबरून मी त्याच दुपारी सगळं विकलं, अजून सलतं. २००९ च्या निकालानंतर १८ मेला उलटं झालं, वरचं सर्किट (वाढीची ठरलेली मर्यादा) लागलं आणि बाजार दिवसभरासाठी बंद. बाहेर बसलेल्यांना आत शिरताच आलं नाही.

प्रश्नकर्ती: काका, पण तिला दोन वर्षांत मोतीबिंदू आणि घरदुरुस्तीला पैसे लागतील.

उत्तर: मग तेवढे आत्ताच मुदत ठेवीत टाक, बाळा. त्यासाठी निवडणुकीची वाट बघू नकोस.