मदत हवी आहे: डोंगरावरचा ओझोन रात्री का उतरत नाही?

नमस्कार मंडळी. मी बडोद्याची, दांडिया बाजारात राहते. लेकीच्या एम.एस्सी. प्रकल्पासाठी आम्ही दोघी रोज आलेख काढत बसतो. शहरातला जमिनीलगतचा ओझोन दुपारी उन्हात चढतो आणि रात्री उतरतो. गाड्यांच्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड त्याला खाऊन टाकतो. हवाई बेटांवरच्या ३३९७ मीटर उंचीवरच्या मौना लोआ केंद्रात मात्र लेकीच्या आलेखातली ओझोनची लाल रेघ रात्रीच वर! रात्री उतारावरून वरची कोरडी, जास्त ओझोनची हवा खाली येते, एवढं समजलं. अडलंय ते गुरुशिखरपाशी. अबूचं हे शिखर १७२२ मीटरच, मैदानातली हवा तिथे सहज पोचत असणार. मग वरची हवा ओळखायला रात्रीचे कोणते तास घ्यावेत? बाष्पाचे आकडेही सोबत पाहावेत का? कुणी असं काम केलं असेल तर कृपया सांगा, सोमवारी तिला सरांना दाखवायचंय.