फ्लिंटलॉक बंदुकीचं (चकमकीच्या ठिणगीने बार उडवणारी) लॉक, म्हणजे ठिणगी पाडणारी यंत्रणा, ट्यून करू की नवीनच बसवू?

पेनसिल्व्हेनियात ख्रिसमसनंतर हरणांचा फ्लिंटलॉक सीझन असतो, त्यासाठी .50 कॅलिबरची जुनी रायफल घेतलीय पण ठिणगी कधी पडते कधी नाही, आख्खं लॉकच बदलू का?

> थांब रे, आधी चकमकीचा दगड बघ. कातड्यात गुंडाळून घट्ट आवळ, धार फ्रिझनला (दगड आपटतो ती पोलादी पट्टी) पूर्ण रुंदीत सरळ लागली पाहिजे. नवीन लॉक जुन्या लाकडात बसेलच असं नाही, कोरत बसशील.

> फ्रिझनवर कानस चालली तर पोलाद मऊ आहे, परत पाणी द्यावं लागेल, जाणकाराकडून करून घे. मेनस्प्रिंग (लॉकची मुख्य स्प्रिंग) घासू नकोस हां, मोडते.

दगड बदलला, ठिणग्या मस्त! पण रंजक (बाहेरच्या खोलगट भागातली पेटवायची दारू) पेटते नि बार होत नाही 😅

> कान (रंजकेची आग नळीत नेणारं भोक) तुंबलाय, तारेने साफ कर. आणि बार भरलेलाच आहे हे विसरू नकोस, नळी सुरक्षित दिशेला!